विद्युत आणि पेट्रोल मोटारींच्या चालनखर्चाची तुलना

विद्युत आणि पेट्रोल मोटारींच्या चालनखर्चाची तुलना म्हणजे समान आकाराच्या व समान वापराच्या दोन मोटारींपैकी एक विजेवर आणि दुसरी पेट्रोलवर चालवली असता प्रत्येक किलोमीटरमागे व मोटारीच्या संपूर्ण आयुष्यात होणाऱ्या खर्चाचा तौलनिक हिशेब होय. इंधन किंवा वीज, देखभाल, विमा, पथकर, बॅटरीची झीज आणि पुनर्विक्रीचे मूल्य हे या हिशेबाचे प्रमुख घटक आहेत. महाराष्ट्रात विद्युत मोटारीचा प्रति किलोमीटर ऊर्जाखर्च पेट्रोल मोटारीच्या साधारणतः एक तृतीयांश असतो. मात्र घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने हा खर्च सर्व कुटुंबांना सारखा पडत नाही. खरेदीच्या वेळी मोजलेली जादा रक्कम वसूल होते की नाही, हे मुख्यतः मोटार महिन्याला किती किलोमीटर धावते यावर ठरते.

या लेखातील उदाहरणे पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील नालासोपारा हे उपनगर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. या भागाला महावितरण कंपनी वीजपुरवठा करते. उदाहरणांतील वीज व पेट्रोलचे दर २०२४-२५ या आर्थिक वर्षातील आहेत.

## पार्श्वभूमी

भारतात सामान्य ग्राहकासाठी विकली गेलेली पहिली परिचित विद्युत मोटार म्हणजे बंगळूर येथे तयार झालेली रेवा (२००१). तिची बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची होती व पल्ला मर्यादित होता. लिथियम-आयन बॅटरीच्या किमती उतरू लागल्यानंतर परिस्थिती पालटली. जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने नेक्सॉन ईव्ही (३०.२ किलोवॅट-तास बॅटरी) आणि सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही (१९.२ व २४ किलोवॅट-तास) बाजारात आणली. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात विद्युत मोटार आली आणि "पेट्रोल घ्यावी की इलेक्ट्रिक" हा प्रश्न घरोघरी चर्चेचा झाला.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये पहिले आणि जुलै २०२१ मध्ये दुसरे विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०२१ च्या धोरणात बॅटरीच्या क्षमतेनुसार खरेदीवर अनुदान होते. त्यापुढील धोरणास एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून ते २०३० पर्यंतच्या काळासाठी आहे.

## ऊर्जेचे गणित

एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ९ युनिट, ऊर्जा साठवलेली असते. इथेनॉलमधील ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये हा आकडा थोडा घटतो. पेट्रोल लिटरला १०४ रुपये असेल, तर ग्राहक त्यातील प्रत्येक युनिट ऊर्जेसाठी साडेअकरा ते साडेबारा रुपये मोजतो. महावितरणच्या घरगुती दराचा दुसरा टप्पाही जवळपास याच पातळीवर आहे. म्हणजेच विद्युत मोटार स्वस्त पडते ती वीज स्वस्त आहे म्हणून नव्हे. तिचे कारण ऊर्जेच्या वापरातील कार्यक्षमता हे आहे.

पेट्रोल इंजिनात जळालेल्या इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. साधारण २० ते ३० टक्केच ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. विद्युत मोटारीत बॅटरीतील ऊर्जेचा बहुतेक भाग चाकांना मिळतो. शिवाय ब्रेक लावताना मोटार जनित्रासारखी चालून काही ऊर्जा बॅटरीत परत पाठवते. यामुळे शहरात लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देणारी पेट्रोल मोटार प्रति युनिट ऊर्जेमागे दोन किलोमीटरही जात नाही, तर त्याच आकाराची विद्युत मोटार सहा ते आठ किलोमीटर जाते.

## दरांची रचना

### पेट्रोल

पेट्रोलच्या किरकोळ दरात कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरण व वाहतुकीचा खर्च, विक्रेत्याचे कमिशन, केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर यांचा समावेश असतो. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने मूल्यवर्धित कर ५ रुपयांनी कमी केला. तेव्हा मुंबईतील दर सुमारे १०६ रुपयांवर आला. मार्च २०२४ मध्ये आणखी सुमारे २ रुपयांची घट झाली. पेट्रोलचा दर सर्व ग्राहकांना सारखाच असतो. पहिला लिटर आणि शंभरावा लिटर यांच्या दरात फरक नसतो. विजेच्या बाबतीत मात्र असे नाही.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आले. या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या मोटारींचे ॲव्हरेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकते, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील स्पष्टीकरणात म्हटले होते.

### वीज

महावितरणच्या घरगुती ग्राहकाचे बिल टप्प्यांनुसार आकारले जाते. २०२४-२५ मध्ये वीज आकार व वहन आकार मिळून प्रति युनिट दर आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून येणारी रक्कम पुढीलप्रमाणे होती.

| मासिक वापराचा टप्पा | दर (रुपये) | वीज शुल्कासह (रुपये) |
|---|---|---|
| ० ते १०० युनिट | ५.८८ | ६.८२ |
| १०१ ते ३०० युनिट | ११.४६ | १३.२९ |
| ३०१ ते ५०० युनिट | १५.७२ | १८.२४ |
| ५०० युनिटांहून अधिक | १७.८१ | २०.६६ |

याशिवाय स्थिर आकार आणि वेळोवेळी लागणारा इंधन समायोजन आकार वेगळा असतो. हे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात.

आयोगाने सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र ग्राहक गट केला आहे. ग्राहकाने स्वतःच्या आवारात स्वतःचे वाहन चार्ज केल्यास मात्र त्या आवारास लागू असलेल्या गटाचाच दर लागतो. म्हणून घरच्या मीटरवर चार्ज केलेल्या मोटारीची युनिटे घरातील दिवे, पंखे, फ्रिज यांच्या वापरावर चढतात व वरच्या टप्प्याच्या दराने मोजली जातात.

## प्रति किलोमीटर ऊर्जाखर्च

पुढील उदाहरणात लहान आकाराची पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरले आहे. विद्युत मोटार मीटरवर नोंदल्या गेलेल्या प्रत्येक युनिटमागे ६.५ किलोमीटर जाते असे गृहीत आहे. चार्ज करताना चार्जर व बॅटरीत साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते. ती या आकड्यात धरली आहे. मोटार महिन्याला १,००० किलोमीटर चालते. त्यासाठी मीटरवर सुमारे १५४ युनिट लागतात.

| परिस्थिती | मासिक खर्च (रुपये) | प्रति किलोमीटर (रुपये) |
|---|---|---|
| पेट्रोल, १०४ रुपये लिटर | ६,९३३ | ६.९३ |
| घरगुती चार्जिंग, घरचा मूळ वापर १०० युनिट | २,०४७ | २.०५ |
| घरगुती चार्जिंग, घरचा मूळ वापर २०० युनिट | २,३१४ | २.३१ |
| घरगुती चार्जिंग, घरचा मूळ वापर ४०० युनिट | २,९३९ | २.९४ |

मूळ वापर २०० युनिट असलेल्या घराचे उदाहरण असे मांडता येते. मोटारीची पहिली १०० युनिटे १०१ ते ३०० च्या टप्प्यात ११.४६ रुपयांनी (१,१४६ रुपये) आणि उरलेली ५४ युनिटे पुढील टप्प्यात १५.७२ रुपयांनी (सुमारे ८४९ रुपये) मोजली जातात. या १,९९५ रुपयांवर १६ टक्के वीज शुल्क मिळवल्यास २,३१४ रुपये होतात.

जाहिरातींत व बोलण्यात "किलोमीटरला एक रुपया" हा आकडा वारंवार येतो. तो पहिल्या टप्प्याच्या दराने हिशेब केल्यास मिळतो (६.८२ ÷ ६.५ = १.०५). परंतु घरात दुसरी कोणतीही वीज वापरली जात नसेल, तेव्हाच मोटारीला तो दर मिळू शकतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेला सरासरी दरही या कामी दिशाभूल करतो. मोटार आल्यामुळे बिलात नेमकी किती वाढ झाली, हाच योग्य आकडा होय.

सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रावर चालकाचे शुल्क आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. एकूण दर युनिटला २० रुपये आणि पल्ला युनिटमागे ७ किलोमीटर धरल्यास किलोमीटरला २.८६ रुपये पडतात. दर २५ रुपये असल्यास ३.५७ रुपये पडतात. म्हणजे ज्या घरात वातानुकूलन यंत्रामुळे वापर आधीच ४०० युनिटांवर आहे, त्या घरचे चार्जिंग आणि बाहेरचे चार्जिंग यांत फारसा फरक उरत नाही.

### वाहतूककोंडीचा परिणाम

कोंडीत उभ्या असलेल्या पेट्रोल मोटारीचे इंजिन वातानुकूलनासह तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन जाळते. विद्युत मोटार उभी असताना मुख्यतः वातानुकूलनासाठीच वीज घेते आणि हा वापर तासाला एखाद्या युनिटच्या आसपास असतो. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर वसई फाटा ते दहिसर या पट्ट्यात नियमित प्रवास करणाऱ्यांच्या बाबतीत त्यामुळे प्रत्यक्ष तफावत वरील कोष्टकापेक्षा अधिक असू शकते.

## देखभाल

पेट्रोल मोटारीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, पट्टे आणि क्लच यांची ठरावीक काळाने बदली करावी लागते. विद्युत मोटारीत हे भाग नसतात. तेथे ब्रेक ऑइल, कूलंट, वातानुकूलनाचा फिल्टर, १२ व्होल्टची सहायक बॅटरी आणि टायर यांकडे लक्ष द्यावे लागते. ब्रेकचे पॅड जास्त काळ टिकतात, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटारच करते. उलट बॅटरीच्या वजनामुळे आणि सुरुवातीपासून मिळणाऱ्या जोरामुळे टायर लवकर झिजण्याची शक्यता असते. पेट्रोल मोटार कोणत्याही अनुभवी कारागिराकडे दुरुस्त होऊ शकते. विद्युत मोटारीच्या उच्च दाबाच्या भागांसाठी मात्र बहुधा अधिकृत सेवा केंद्रावरच अवलंबून राहावे लागते.

## कर, विमा आणि पथकर

विद्युत मोटारींवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के करण्यात आला. लहान पेट्रोल मोटारींवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. पूर्वी तो २८ टक्के अधिक उपकर असा होता. या बदलामुळे दोन्ही प्रकारांच्या किमतींतील करजन्य अंतर कमी झाले. महाराष्ट्रात १० लाख रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल मोटारीवर ११ टक्के मोटार वाहन कर एकरकमी भरावा लागतो. विद्युत मोटारींना धोरणानुसार या करातून सूट आहे. ३० लाख रुपयांवरील विद्युत मोटारींवर ६ टक्के कर लावण्याचा मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पातील प्रस्ताव त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १,००० ते १,५०० घन सेंटिमीटर इंजिनाच्या पेट्रोल मोटारीस ३,४१६ रुपये, तर ३० ते ६५ किलोवॅट क्षमतेच्या विद्युत मोटारीस २,९०४ रुपये आहे. मात्र स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा वाहनाच्या किमतीवर ठरतो. विद्युत मोटार महाग असल्याने तो जास्त पडू शकतो आणि तृतीय पक्ष विम्यातील बचत त्यात नाहीशी होऊ शकते.

अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विद्युत मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून पथकरमाफी देण्यात आली. दहिसरसह मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरील पथकर १५ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वच हलक्या वाहनांना माफ आहे. त्यामुळे नालासोपाऱ्याहून मुंबईला जाताना या बाबतीत दोन्ही मोटारी समान ठरतात.

## बॅटरी आणि घसारा

बॅटरी हा विद्युत मोटारीतील सर्वांत महाग भाग आहे. अनेक उत्पादक तिच्यावर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी देतात. बॅटरी एकाएकी निकामी होण्यापेक्षा तिची साठवणक्षमता हळूहळू घटणे हा नेहमीचा प्रकार होय. वारंवार जलद चार्जिंग, सतत पूर्ण चार्ज ठेवणे आणि अति उष्णता यांमुळे ही घट वेगाने होते. बॅटरीसंचाच्या किमती जागतिक पातळीवर २०१० च्या तुलनेत मोठ्या प्रमाणात उतरल्या आहेत. पुढे बॅटरी स्वस्त झाल्यास बदलण्याचा खर्च कमी होईल, पण त्याच कारणाने आजच्या जुन्या मोटारीचे पुनर्विक्री मूल्यही घसरेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर या मोटारीबरोबर बॅटरी भाड्याने देण्याची योजना आली. तीत मोटारीची सुरुवातीची किंमत ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीसाठी किलोमीटरला ३.५० रुपये आकार होता. विजेचे २.३१ रुपये मिळवल्यास असा चालनखर्च किलोमीटरला ५.८१ रुपये होतो. म्हणजे सुरुवातीचे ओझे हलके होते, परंतु चालवतानाची बचत बरीचशी संपते.

## जादा किंमत वसूल होण्याचा काळ

दोन्ही मोटारींच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण किमतीत ३ लाख रुपयांचा फरक आहे आणि घरचा मूळ वीजवापर २०० युनिट आहे असे धरल्यास, केवळ ऊर्जाखर्चातील बचतीतून हा फरक भरून निघण्यास लागणारा काळ असा येतो.

| मासिक अंतर | मासिक बचत (रुपये) | वसुलीचा काळ |
|---|---|---|
| ४०० किलोमीटर | सुमारे १,९५६ | सुमारे १२ वर्षे ९ महिने |
| १,००० किलोमीटर | सुमारे ४,६१९ | सुमारे ५ वर्षे ५ महिने |
| २,००० किलोमीटर | सुमारे ८,७२५ | सुमारे २ वर्षे १० महिने |

पहिल्या उदाहरणात वसुलीचा काळ बॅटरीच्या आठ वर्षांच्या हमीपेक्षाही मोठा आहे. मोटार कर्जाने घेतली असल्यास जादा रकमेवरील व्याजामुळे तो आणखी लांबतो. देखभालीतील बचत धरल्यास तो काहीसा कमी होतो. विद्युत मोटारींच्या कर्जावरील व्याजास प्राप्तिकरात मिळणारी दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. किमतींतील फरक कमी असल्यास काळ त्याच प्रमाणात घटतो. फरक दीड लाखाचा असेल, तर वरील प्रत्येक काळ निम्मा होतो.

## नालासोपाऱ्यातील स्थानिक घटक

### वापराचे स्वरूप

नालासोपारा हे पश्चिम रेल्वेवरील वसई रोड व विरार यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. येथील नोकरदारांचा मुख्य आधार उपनगरी लोकल हाच आहे. मासिक पासाचा खर्च कोणत्याही मोटारीच्या इंधनखर्चापेक्षा कितीतरी कमी असतो. त्यामुळे अनेक कुटुंबांची मोटार आठवडाअखेरीस, लग्नकार्यास किंवा गणपती-दिवाळीला गावी जाण्यासाठीच बाहेर निघते. असा वापर वरील कोष्टकातील पहिल्या ओळीत बसतो. याउलट प्रवासी वाहतूक, घरपोच माल पोहोचवणे किंवा रोज महामार्गाने कामावर जाणे अशा कारणांनी जी मोटार महिन्याला दोन हजार किलोमीटर चालते, तिच्या बाबतीत विद्युत पर्यायाचा लाभ स्पष्ट आहे.

### वाहनतळ आणि वीजजोडणी

घरगुती चार्जिंगसाठी ठरलेली जागा आणि तेथवर मीटरची वायर आवश्यक असते. चाळी, दाटीने उभ्या असलेल्या इमारती व रस्त्याकडेला लावलेली वाहने असलेल्या वस्तीत ही सोय मिळणे कठीण असते. अशा कुटुंबास सार्वजनिक केंद्राचाच दर धरून हिशेब करावा लागतो. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून सुमारे ३.३ किलोवॅटने चार्जिंग होते. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस त्यामुळे रोज सरासरी दीड तास पुरतो. मात्र घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी घेता येते. स्वतंत्र मीटरवरील युनिटे घरच्या वापरात मिसळत नसल्याने घरचे बिल वरच्या टप्प्यात जात नाही. त्या जोडणीचा स्थिर आकार मात्र वेगळा भरावा लागतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४) गृहनिर्माण संस्थांना वाहन चार्जिंगसह सामाईक सुविधांसाठी गच्चीवर सौर संच बसवल्यास किलोवॅटमागे १८,००० रुपये साहाय्य मिळते. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो.

### पावसाळा

वसई-विरारचा बराच भाग सखल असून अतिवृष्टीत येथे पाणी साचते. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे वाहतूक ठप्प झाली होती. पेट्रोल मोटारीच्या इंजिनात पाणी शिरल्यास इंजिन खोलून दुरुस्त करावे लागते. विद्युत मोटारींचे बॅटरीसंच सामान्यतः एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतील अशा आयपी ६७ दर्जाचे असतात, परंतु रात्रभर पाण्यात उभ्या राहिलेल्या वाहनाला हे संरक्षण पुरेसे ठरत नाही. मूळ विम्यात असे नुकसान बहुधा समाविष्ट नसते. त्यासाठी पेट्रोल मोटारीस इंजिन संरक्षणाची आणि विद्युत मोटारीस बॅटरी संरक्षणाची पुरवणी घ्यावी लागते. तळमजल्यावर वाहन लावणाऱ्यांच्या वार्षिक खर्चात ही रक्कम धरणे आवश्यक ठरते.

## तुलनेच्या मर्यादा

वरील आकडे ठरावीक गृहीतकांवर आधारलेले आहेत. पेट्रोल व विजेचे दर, वाहनाचे प्रत्यक्ष ॲव्हरेज, चालवण्याची पद्धत आणि शासकीय सवलती बदलल्यास निष्कर्षही बदलतात. उत्पादकांनी जाहीर केलेला पल्ला प्रयोगशाळेतील चाचणीचा असतो व प्रत्यक्षात तो कमी भरतो. हीच बाब पेट्रोल मोटारीच्या जाहीर ॲव्हरेजलाही लागू आहे. म्हणून एका मोटारीचा जाहीर आकडा आणि दुसरीचा प्रत्यक्ष आकडा यांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो. वीजबिलाची मागील बारा महिन्यांची युनिटे, मोटारीचे अपेक्षित मासिक अंतर आणि दोन्ही मोटारींच्या एकूण किमतींतील फरक या तीन आकड्यांवरून कोणत्याही कुटुंबास स्वतःपुरता हिशेब मांडता येतो.

## हेही पहा

* विद्युत वाहन
* लिथियम-आयन बॅटरी
* महावितरण
* वसई-विरार महानगरपालिका
* नालासोपारा